कर्मचारी-समाधान मापन, विद्यापीठीय
विद्यापीठातील अध्यापक व शिक्षकेतर कर्मचारी आपल्या कामाविषयी कितपत समाधानी आहेत, हे प्रश्नावलीने अजमावण्याची पद्धत. रेन्सिस लिकर्ट यांची सहमती-असहमतीची श्रेणी (१९३२) तिच्या मुळाशी आहे. पॉल स्पेक्टर यांच्या १९८५ च्या प्रश्नावलीत वेतन, बढती, पर्यवेक्षण, सहकारी अशा ९ अंगांवर ३६ विधाने आहेत. तासिका तत्त्वावरील अध्यापकाला घेतलेल्या तासांपुरतेच मानधन मिळते. सुट्टीत तेही थांबते. त्याची आणि कायम प्राध्यापकाची उत्तरे एकत्र करून काढलेली सरासरी दिशाभूल करते. दोघांचे निष्कर्ष वेगळेच मांडले पाहिजेत. नाव गुप्त राहण्याची खात्री नसेल, तर वरिष्ठांविषयीची उत्तरे विश्वासार्ह मानता येत नाहीत.