सर्पगंधा ते डोपामिन : स्किझोफ्रेनियाच्या गोळीचा इतिहास

“डॉक्टर, गोळीनं पोराला ऐकू येणारे आवाज थांबले, पण हात थरथरायला लागले. म्हणून गोळी बंद केली.” उंब्रजच्या दवाखान्यात असे सांगणारे नातेवाईक अनेकदा भेटतात. एकाच गोळीने गुण आणि त्रास दोन्ही कसे? उत्तर औषधाच्या इतिहासात आहे.

सर्पगंधा ही आपल्याकडची जुनी वनौषधी. 1931 मध्ये कलकत्त्याच्या सेन आणि बोस यांनी ती वेडावर व रक्तदाबावर उपयोगी असल्याचे लिहिले. 1949 मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरील अनुभव ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडला आणि जगाचे लक्ष या मुळीकडे गेले. 1952 मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळे केले गेले. लवकरच अमेरिकेत ते मनोरुग्णांना दिले जाऊ लागले. त्याच वर्षी पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन हे औषधही मनोरुग्णांवर वापरात आले. दोन्हींनी भास कमी होत. दोन्हींनी काहींना कंपवातासारखी थरथर होई.

असे का, हे स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी उलगडले. रेसर्पिन दिलेले ससे निपचित पडत. डोपामिन तयार करणारे एल-डोपा देताच ते हालचाल करू लागत. म्हणजे रेसर्पिन मेंदूतला डोपामिनचा साठा संपवत होते. 1963 मध्ये त्यांनी सुचवले, की क्लोरप्रोमाझिन साठा संपवत नाही, तर डोपामिनचा ‘रिसेप्टर’ अडवते. डोपामिन ही किल्ली, रिसेप्टर हे कुलूप. औषध कुलपात अडकून बसते. 1970च्या दशकात हे कुलूप सापडले. त्याला डी-2 म्हणतात.

हीच कुलपे मेंदूच्या हालचाल सांभाळणाऱ्या भागातही असतात. म्हणून थरथर! पुढे मेंदूच्या पेट स्कॅनमधून दिसले, की बहुतेक औषधांचा गुण साधारण 65 टक्के कुलपे अडली की येतो आणि 80 टक्क्यांच्या आसपास थरथर वाढते. मधली जागा अरुंद आहे. ती सांभाळणे हेच डॉक्टरांचे काम. अर्थात, डोपामिन म्हणजे सगळा आजार नव्हे. क्लोझापिन तर डी-2 कमी अडवूनही गुण देते.

तेव्हा थरथर दिसली तर गोळी आपल्या मनाने बंद करू नका, आजार उलटतो. सर्पगंधाही स्वतःहून घेऊ नका. डॉक्टरांना सांगा, डोस कमी करता येतो, औषध बदलता येते.