फाईल-वापर निरीक्षण

संगणकातील एखादी विशिष्ट फाईल त्या क्षणी कोणकोणत्या चालू प्रक्रियांनी उघडलेली आहे, हे शोधून तिच्यावर देखरेख ठेवण्याच्या पद्धतीस फाईल-वापर निरीक्षण म्हणतात. चालू अवस्थेतील आज्ञावलीस प्रक्रिया ही संज्ञा आहे.

हा प्रश्न संगणकाहून जुना आहे. पालघर तालुक्यातील बोईसरनजीकच्या बेटेगावासारख्या गावी एका जमिनीचा सातबारा हा एकच अभिलेख असतो. पण खरेदी, वारसा, बँकेचा बोजा, भूसंपादन असे अनेक व्यवहार एकाच वेळी त्याला येऊन भिडतात. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले, पुढे औद्योगिक वसाहत वाढली व या परिसरात जमिनीचे मोल चढले. महाराष्ट्राच्या महसुली पद्धतीत प्रत्येक बदल प्रथम गाव नमुना सहा म्हणजे फेरफार नोंदवहीत लिहितात. हितसंबंधितांस नोटीस दिली जाते, हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते आणि मंडल अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केल्यावरच सातबारा बदलतो. कोणत्या गटावर कोणते काम अपुरे आहे, हे या वहीतून कळे. मात्र वही तलाठ्याच्या दप्तरात असे.

आरंभीच्या संगणकांत हा प्रश्न उद्‌भवलाच नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये कार्यान्वित झालेल्या टिफ्रॅक या संगणकाची स्मृती २,०४८ शब्दांची होती व त्यावर एका वेळी एकच आज्ञावली चाले. १९६१ मध्ये मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेत कालविभागणी पद्धतीचे प्रात्यक्षिक झाले. त्यानंतर अनेक जण एकाच यंत्रावर, प्रसंगी एकाच फाईलवर, काम करू लागले.

बेल प्रयोगशाळेत १९६९ मध्ये सुरू झालेल्या युनिक्स या परिचालन प्रणालीने याबाबत मुक्त धोरण स्वीकारले. एकच फाईल अनेक प्रक्रियांना एकाच वेळी वाचता वा लिहिता येई. डेनिस रिची व केन टॉम्प्सन यांनी १९७४ च्या प्रसिद्ध निबंधात असे प्रतिपादन केले होते की, आपल्या परिस्थितीत फाईलला कुलूप घालणे आवश्यकही नाही आणि पुरेसेही नाही. कारण स्वतंत्र प्रक्रियांनी सांभाळलेले प्रचंड एकसंध माहितीसाठे आपल्यापुढे नाहीत. प्रयोगशाळेपुरते ते खरे होते. बँकांची खाती व जमिनीचे अभिलेख मात्र नेमके तसेच साठे असतात.

युनिक्समध्ये फाईलचे नाव आणि फाईल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नाव पुसले, तरी एखाद्या प्रक्रियेने ती फाईल उघडी ठेवली असेल, तोवर तिची चकतीवरील जागा मोकळी होत नाही. यातून एक चमत्कारिक स्थिती निर्माण होते : चकती भरल्याचा इशारा येतो, व्यवस्थापक मोठी नोंद-फाईल पुसतो, ती यादीतून नाहीशीही होते, पण जागा तेवढीच राहते. अशा वेळी ती धरून बसलेली प्रक्रिया शोधून थांबवणे किंवा तिला फाईल बंद करावयास लावणे, हाच उपाय असतो.

या शोधासाठी सिस्टिम व्ही परंपरेत फ्यूझर ही आज्ञा आली. दिलेली फाईल वापरणाऱ्या प्रक्रियांचे क्रमांक ती सांगते. विशिष्ट पर्याय दिल्यास त्या प्रक्रियांचा अंतही करते, म्हणून ती जपून वापरावी लागते. पर्ड्यू विद्यापीठातील व्हिक्टर एबल यांनी रचलेली व दीर्घकाळ सांभाळलेली एलएसओएफ ही आज्ञावली अधिक सर्वांगीण ठरली. ‘उघड्या फाईलींची यादी’ असा तिच्या नावाचा अर्थ होतो. टॉम किलियन यांनी १९८४ मध्ये प्रक्रियाच फाईलींच्या रूपाने दाखविण्याची कल्पना मांडली होती. लिनक्समध्ये तिचाच विस्तार होऊन प्रत्येक प्रक्रियेच्या उघड्या फाईली एका निर्देशिकेत दिसू लागल्या.

अशा यादीची मर्यादा उघड आहे. ती एका क्षणाचे चित्र देते. दोन पाहण्यांच्या मध्ये फाईल उघडून बंद करणारी प्रक्रिया तिच्यातून निसटते. यासाठी बदल घडताच सूचना देणाऱ्या यंत्रणा आल्या. लिनक्समध्ये २००५ मध्ये आलेली आयनोटिफाय फाईलला स्पर्श झाल्याचे कळविते, तो कोणी केला हे सांगत नाही. नंतरची फॅनोटिफाय प्रक्रियेचा क्रमांकही देते. विंडोज प्रणालीत उघडी फाईल बहुधा पुसूच दिली जात नाही. तेथे मार्क रुसिनोविच व ब्राइस कॉग्स्वेल यांची साधने रूढ झाली; ती २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टकडे गेली.

महाराष्ट्रात ई-फेरफार योजनेने नमुना सहा संगणकावर आला आणि १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. ‘आपली चावडी’ या फलकावर गावातील चालू फेरफार, त्यांचा गट क्रमांक व हरकतीची मुदत कोणासही पाहता येते. २०२० नंतरच्या सातबाऱ्यावर प्रलंबित फेरफार आहे की नाही, हेही छापलेले असते. बेटेगावच्या खातेदारास तेवढ्यासाठी आता तलाठ्याचे दप्तर उघडण्याची वाट पाहावी लागत नाही. नोंदणी न झालेला साठेकरार मात्र या ओळीत दिसत नाही.