साखरेची वेलबुट्टी

व्हिक्टोरिया राणीच्या लग्नातला केक आजच्या मजल्यामजल्यांच्या केकसारखा मुळीच दिसत नव्हता. १० फेब्रुवारी १८४० चा तो केक म्हणजे सुमारे ३०० पौंड वजनाचा, ९ फूट घेराचा आणि १४ इंच जाडीचा गोल ठोकळा. त्यावर साखरेच्या मूर्ती मांडल्या होत्या. वधूवरांना आशीर्वाद देणारी ब्रिटानिया, निष्ठेची खूण म्हणून पायाशी कुत्रा, कबुतरांची जोडी, मांडीवरच्या वहीत लग्नाची तारीख लिहिणारा क्युपिड. सगळा थाट शिल्पाचा. कागदाच्या कोनातून काढलेल्या वळणदार नक्षीने केकचा कब्जा घेतला तो पुढच्या अर्धशतकात.

पांढरा लेप मात्र त्याआधीचा. मँचेस्टरच्या एलिझाबेथ रॅफल्ड यांनी १७६९ मध्ये छापलेल्या पाकपुस्तकात लग्नाच्या केकवर आधी बदामाचा आणि त्यावर साखरेचा थर द्यायला सांगितलं आहे. शुभ्र, शुद्ध केलेली साखर तेव्हा महाग होती, त्यामुळे केक जितका पांढरा तितका यजमान श्रीमंत, हा हिशेब पाहुण्यांना न सांगता कळे. १८७४ मध्ये ब्रिटनने साखरेवरचा कर उठवला. साखर स्वस्त झाली आणि राजवाड्यातला हा शौक गावच्या बेकरीच्या आवाक्यात आला.

दरम्यान केक उंच होत होता. १८५८ मध्ये व्हिक्टोरियाच्या थोरल्या मुलीच्या लग्नात तो मजल्यांचा झाला, पण खरा केक फक्त खालचा. वरचे मजले नुसत्या साखरेचे. १८८२ मध्ये तिचाच मुलगा राजपुत्र लिओपोल्ड याच्या लग्नात मात्र सगळे मजले खाण्याजोगे होते. साखरेचा लेप वाळून कडक होतो म्हणूनच हे जमलं: खालचा केक वरच्याचा भार पेलू लागला. आणि मजले वाढले तशी सजवायला उभी, पांढरी, मोकळी भिंतही मिळाली.

ती भिंत भरायचं साधन अगदी साधं होतं. अंड्याचा पांढरा बलक, वस्त्रगाळ साखर आणि लिंबाच्या रसाचे थेंब फेटून बनतं ते रॉयल आयसिंग. भांड्याला तुपातेलाचा अंश राहिला तर ते फुलत नाही, आणि वाऱ्यावर ठेवलं तर मिनिटांत वर पापडी धरते. म्हणून भांड्यावर ओलं फडकं लागतंच. कागद त्रिकोणी कापून त्याचा मेंदीसारखा कोन वळायचा, टोकाला धातूचं नोझल बसवायचं. मग सुरू होतो हाताच्या दाबाचा खेळ. दाब वाढवला की रेष फुगते, वळणावर सावकाश सैल सोडला की तिची शेपटी निमुळती होत जाते. ‘सी’ आणि ‘एस’ या दोन आकारांच्या वळणांतून पाऊण नक्षी उभी राहते. पण एवढ्यावर कारागीर थांबत नाही. पहिली रेष वाळली की त्याहून बारीक नोझलने तिच्यावरच दुसरी, ती वाळली की आणखी बारीक तिसरी. तीन नंबरच्या नोझलवर दोन, दोनवर एक. अशा चढत्या रेषांनी वेलीला उठाव येतो आणि तिची सावली केकवर पडते. मिश्रणात हवेचा एक बुडबुडा राहिला तर रेष तुटते, साखरेचा एक खडा राहिला तर नोझल बुजतं. घाई केली तर ओल्यावर ओलं बसून सगळं ओघळतं. म्हणून हे काम काही दिवस चालतं आणि त्यातला बराच वेळ वाळण्याची वाट पाहण्यात जातो.

या कलेचं श्रेय राजघराण्याच्या केककडे जातं, पण ती वाढवली बेकऱ्यांतल्या कारागिरांनी. साचे आणि मूर्तिकार परवडणार नाहीत अशा माणसाला कागदाचा कोन परवडत होता. बाकी भांडवल म्हणजे सराव. मँचेस्टरमध्येच काम करणारे अर्न्स्ट शुल्बे यांचं केकसजावटीवरचं पुस्तक १८९८ मध्ये आलं. जोसेफ लॅम्बेथ यांनी रेषेवर रेष चढवण्याची पद्धत १९३४ च्या आपल्या पुस्तकात अशी तपशिलात मांडली, की आजही ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

मग दुसरं महायुद्ध आलं. ऑगस्ट १९४० मध्ये ब्रिटनमध्ये केकवर साखरेची सजावट करायलाच बंदी झाली. तरीही लोकांना लग्नाच्या फोटोत तो उंच पांढरा केक हवाच होता. त्यावर बेकरीवाल्यांनी तोडगा काढला: पुठ्ठ्याची किंवा प्लास्टरची नक्षीदार खोळ भाड्याने द्यायची. आत रेशनच्या जिन्नसांतून जमवलेला छोटा केक, बाहेर मजल्यांचा डौल. लोकांना केकच्या चवीहून त्याच्या रूपाची ओढ किती होती, हे यातून दिसतं. राजकन्या एलिझाबेथचं लग्न १९४७ मध्ये झालं तेव्हाही साखर रेशनवरच होती. तिच्या चार मजली, ९ फुटी केकसाठी जिन्नस ऑस्ट्रेलियातल्या गर्ल गाइड्सनी पाठवले.

साखरेचं रेशन १९५३ मध्ये उठलं, पण पुढच्या दशकांत लाटून पसरायच्या मऊ फाँडंटने रॉयल आयसिंगला मागे सारलं. फाँडंटचं काम लवकर होतं आणि त्यातून सुरी सहज जाते. २०११ मध्ये राजपुत्र विल्यमच्या लग्नात फिओना केर्न्स यांनी आठ मजली केकवर लॅम्बेथ पद्धत वापरली आणि जुन्या नक्षीकडे लोकांचं पुन्हा लक्ष गेलं.

या परंपरेचा एक धागा पुण्यापर्यंत येतो. पुण्याच्या प्राची धबल देब या रॉयल आयसिंगचं काम ब्रिटिश राजघराण्यासाठी केक सजवणाऱ्या एडी स्पेन्स यांच्याकडे शिकल्या. भारतात त्यांच्यापुढे पहिली अडचण उभी राहिली ती अंड्याची; शाकाहारी घरांत ते चालत नाही. म्हणून त्यांनी अंड्याविना रॉयल आयसिंग तयार करवून घेतलं आणि त्यातूनच मिलानच्या कॅथेड्रलवर बेतलेली १०० किलोंची कलाकृती उभी केली. अंड्याचा प्रश्न असा सुटला, दमट हवेचा नाही. पावसाळ्यात साखरेची रेष वाळायला फार वेळ घेते, आणि पहिली वाळल्याशिवाय तिच्यावर दुसरी चढवता येत नाही.