काठीच्या टोकाची शेंबी

आजोबांच्या काठीला खाली पितळी शेंबी असते, ती आपण सर्वांनी पाहिली आहे. तशीच एक शेंबी बिलियर्ड्स, स्नूकर आणि पूलच्या क्यूलाही असते. चामड्याच्या टिपच्या लगेच मागे. खेळाडू तिला फेरूल म्हणतात. गजलेच्या शेराला रदीफ जसा शेवटी सावरून धरतो, तशी ती काठीला धरते. एवढ्याशा कड्यात हत्तींचा मोठा इतिहास दडला आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये क्यूला चामड्याची टिप लागली आणि चेंडूला हवी तशी फिरकी देता येऊ लागली. पण टिपमागचे लाकूड तडाख्यांनी चिरते, म्हणून मध्ये शेंबी हवी. त्या काळी चेंडू हस्तिदंताचे. तेव्हा शेंबीलाही हस्तिदंतच पसंत पडले. चिवट, कातायला चांगले आणि आवाजाला गोड! स्नूकरच्या बारीक टोकाला मात्र पितळ मानवले.

एका सुळ्यातून मोजकेच चेंडू निघत. हस्तिदंत महागले, तेव्हा १८६३ मध्ये न्यूयॉर्कच्या मायकेल फेलन यांच्या कंपनीने पर्याय शोधणाऱ्याला १०,००० डॉलरचे बक्षीस जाहीर केले. जॉन वेस्ली हायट या कामाला लागले आणि १८७० मध्ये त्यांनी सेल्युलॉइडचे पेटंट घेतले. पुढे चेंडू कृत्रिम झाले. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये कलकत्त्यात बिलियर्ड्सचे हौशी जगज्जेते झाले, तेव्हा टेबलावर हस्तिदंत उरले नव्हते. खेळाचे काही बिघडले नाही.

शेंबी मात्र अडून बसली. १९८९ मध्ये आफ्रिकन हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदीचा निर्णय झाला, तरी ‘तो स्पर्श दुसऱ्या कशाला नाही’ असे पूलचे कित्येक शौकीन म्हणत राहिले.

हा स्पर्श म्हणजे नेमके काय? टिप आणि चेंडू यांची भेट सेकंदाच्या सुमारे हजाराव्या भागाची. काठीतला कंप मुठीपर्यंत पोहोचून आपल्याला जाणवतो, तोवर चेंडू निघून गेलेला असतो. फटका बदलतो तो टोकाच्या वजनाने. चेंडूला मध्यावर न मारता बाजूला मारले, की जड टोक त्याला रेषेपासून जास्त ढकलते. हलके टोक कमी. म्हणून आज पूलच्या काठ्यांना प्लास्टिकच्या हलक्या, पातळ शेंब्या बसवतात. कडक शेंबीचा आवाज टणक, मऊ शेंबीचा दबका. त्यातले काय आवडते, ते ज्याचे त्याने ठरवावे.

मला या इतिहासात एक गोष्ट बोचते. ज्याला आपण स्पर्श म्हणतो, त्यातला मोठा भाग हाताची आणि कानाची सवय असते. सवय बदलता येते. हत्तीला सुळा परत देता येत नाही.