फिरता वसंत

दोंडाईच्याच्या बाजारातला मिरचीचा ठसका ओसरू लागला आणि शिवारात पळस फुलले, की आमच्या घरची मुले दादीच्या मागे लागतात : "तापीवर कधी जायचे?" मग कळण्याच्या भाकरी, ठेचा आणि खिम्याचा डबा बांधून सारे घर शहाद्याच्या वाटेला लागते आणि सारंगखेड्याला नदीकाठी उतरते.

एका वर्षी वाटेतच धाकटीने विचारले, "दादी, होळी शेजारच्या काकूंची, ईद आपली, मग वसंत कुणाचा?"

दादी हसली, मी मात्र गप्प झालो. आपल्याच मुलुखातला एक ऋतू लेकराला परका वाटावा, ही गोष्ट काही लहान नव्हे.

हिजरी वर्ष चंद्राचे, सुमारे ३५४ दिवसांचे. सौर वर्षाहून ते अकरा दिवसांनी आखूड; त्यामुळे आमचे सण सुमारे तेहतीस वर्षांत साऱ्या ऋतूंची फेरी पुरी करतात. तरी त्यातल्या तिसऱ्या महिन्याचे नाव रबीउल अव्वल, म्हणजे 'पहिला वसंत'! महिना फिरत राहिला. शब्द मात्र शेतकऱ्याने जागच्या जागी धरून ठेवला. गहू-हरभऱ्याचा आपला 'रब्बी' हंगाम तो हाच. कोणत्याही धर्माचा खानदेशी माणूस वसंताचे हे अरबी नाव सहज घेत असतो.

दिल्लीला हजरत निजामुद्दीन औलियांच्या दर्ग्यात आजही वसंत साजरा होतो. परंपरा सांगते, की भाच्याच्या मृत्यूने खचलेल्या आपल्या गुरूला हसवण्यासाठी अमीर खुसरो पिवळी वस्त्रे लेवून, मोहरीची फुले घेऊन पुढे आले. त्याच औलियांचे शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब दक्षिणेत आले. १३३७ मध्ये ते निवर्तले आणि खुलताबादेत विसावले. पुढे खानदेशच्या फारुकी सुलतानांनी तापीकाठी शहर वसवले, त्याला त्यांचेच नाव दिले : बुऱ्हाणपूर. पैलतीरावर जैनाबाद. तिथल्या आहूखान्याच्या बागेत मोगल घराणे रमत असे. १६३१ मध्ये मुमताजमहल बुऱ्हाणपुरात वारली, तेव्हा आग्र्याला नेण्यापूर्वी तिला याच बागेत ठेवले होते. जिथे विरंगुळा, तिथेच शोक. त्या बागेवरून वाहत आलेले पाणी पुढे सारंगखेड्याला येते.

सामान्य घरांचीही सहल होतीच. दख्खनी मुसलमानांच्या चालीरीती नोंदवणारा जाफर शरीफ यांचा 'कानून-ए-इस्लाम' १८३२ मध्ये लंडनला छापला गेला. सफर महिन्याच्या शेवटच्या बुधवारी, म्हणजे आखरी चहार शंब्याला, लोक बागांत जात आणि गवतावरून चालत, असे त्यात आहे. सफर संपला, की रबीउल अव्वल लागतो! दादीच्या माहेरची सहल याच बुधवारची. पण तो कधी ऐन पावसात येई, मुले घरातच अडकत. म्हणून आमच्या घरी तिने दिवस चंद्रावरून काढून पळसावर नेमला.

हे सारे धाकटीला कसे सांगावे, याचा मी विचार करीत होतो. तेवढ्यात वाटेवर पिवळाधमक गहू दिसला. दादीने बोट दाखवले. "हा कोणता हंगाम?"

"रब्बी," धाकटी म्हणाली.

"मग झाले तर! रबी म्हणजेच वसंत. ज्याच्या ताटात ही पोळी, त्याचा तो."