मुंबईच्या सागवानाची नौका

जीर्णोद्धार हा शब्द आपण बहुधा देवळांच्या संदर्भात योजतो. आज मी आपणांसमोर ज्या वास्तूच्या जीर्णोद्धाराची हकिकत मांडणार आहे, ती मात्र पाण्यावर तरंगते. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूल येथे ‘ट्रिंकोमाली’ नावाची तीन डोलकाठ्यांची युद्धनौका उभी आहे. ती मुंबईच्या गोदीत सागवानातून घडली आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरली. तिचे मुख्य शिल्पकार जमशेटजी बमनजी वाडिया. १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईस आलेल्या लवजी नसरवानजींच्या कुळातले. वाडिया म्हणजे जहाज बांधणारा, हे बडोद्याच्या श्रोत्यांना मी काय सांगावे?

ब्रिटिश आरमाराला मुंबईची गरज का भासली, ह्याचे उत्तर लाकडात आहे. नेपोलियनविरुद्धच्या युद्धांत इंग्लंडला ओकच्या लाकडाची टंचाई जाणवू लागली. सागवान तर ओकहून टिकाऊ. ओकमधील आम्लाने लोखंडी खिळे गंजतात, उलट सागाच्या अंगच्या तेलाने ते सुरक्षित राहतात. ‘ट्रिंकोमाली’चे नकाशे मुंबईस निघाले ते ‘जावा’ ह्या नौकेवरून. पण डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने ‘जावा’चा पराभव केला आणि नकाशेही तिच्याबरोबर गेले. नवे नकाशे येईतो काळ गेला. नौका तयार झाली तेव्हा ज्या युद्धासाठी ती हवी होती ते युद्धच संपले होते! १८१९ मध्ये ती पोर्ट्समथला पोहोचली आणि तिला राखीव म्हणून बांधून ठेवण्यात आले. १८४५ मध्ये तिच्यात फेरफार करून तोफांची संख्या २६ वर आणली गेली. १८४७ ते १८५७ ही दहा वर्षे तिने सागरी सेवा केली. पुढे ती नाविक शिकाऊंची नौका झाली. १८९७ मध्ये जॉर्ज व्हीटली कॉब ह्या गृहस्थांनी तिला मोडीतून वाचवले. त्यांची नेल्सनकालीन ‘फूद्रोयाँ’ त्याच वर्षी ब्लॅकपूलला वादळात फुटली होती. तिचेच नाव त्यांनी ह्या नौकेला दिले. मुंबईचे मूळ नाव त्याखाली झाकले गेले, ते सुमारे नव्वद वर्षे.

ह्या कथेतील सर्वांत बोलका प्रसंग मात्र दुसऱ्या नौकेचा आहे. पोर्ट्समथच्या बंदरात तिच्या शेजारी ‘इम्प्लॅकेबल’ होती. मूळची फ्रेंच, १८०० मध्ये पाण्यात उतरलेली, ट्राफल्गारच्या लढाईत हजर असलेली आणि १८०५ मध्येच इंग्रजांनी जिंकलेली. महायुद्धानंतर तिच्या दुरुस्तीचा खर्च कोणी उचलीना. २ डिसेंबर १९४९ रोजी तिच्यावर दोन्ही देशांचे ध्वज चढवून तिला खोल समुद्रात नेऊन सुरुंगांनी उडवण्यात आले. एवढे करूनही ती लगेच बुडेना! मरण्याचाही मान राखला, पण जगण्याचा नाही, असे मला वाटते. ह्या घटनेने लोकांची मने हलली आणि जुन्या नौका जतन करण्याच्या पुढच्या चळवळीला त्यातून बळ मिळाले.

म्हणूनच १९८६ मध्ये मुंबईच्या नौकेचे शिकाऊ दिवस संपले तेव्हा तिची ती गत झाली नाही. १९८७ मध्ये तिला तराफ्यावर चढवून हार्टलपूलला आणले, कारण ‘वॉरियर’ ह्या लोखंडी युद्धनौकेचा जीर्णोद्धार नुकताच तेथेच झाला होता आणि कसबी हात जागेवर होते. १९९० मध्ये काम सुरू झाले, १९९२ मध्ये ‘ट्रिंकोमाली’ हे नाव परत मिळाले, २००१ मध्ये काम पूर्ण झाले. कारागिरांपुढचा खरा प्रश्न होता, काढायचे किती आणि ठेवायचे किती? कुजलेली फळी बदलली नाही तर नौका बुडते. सगळ्या बदलल्या तर राहते ती प्रतिकृती. ह्या नौकेत निम्म्याहून अधिक लाकूड मूळचेच राहिले. ह्याचे श्रेय हार्टलपूलकरांना जितके, तितकेच मुंबईत सागवान पारखणाऱ्या सुतारांना. जमशेटजींचे नाव कागदोपत्री राहिले. फळीवर वाकस चालवणाऱ्यांची नावे इतिहासाने बहुधा टिपून ठेवली नाहीत.

‘व्हिक्टरी’ तिच्याहून जुनी, पण १९२२ पासून कोरड्या गोदीत आहे. पाण्यावर तरंगणाऱ्या जुन्या ब्रिटिश युद्धनौकांत आज सर्वांत वडील आहे ती मुंबईची.