एक नांव, दोन नळ्या

काडतूस बंदुकींत सहज गेलें आणि मागचा बोल्ट नीट बंद झाला, म्हणजे तें काडतूस त्याच बंदुकीचें, असें पुष्कळांस वाटतें. कुलुपांत किल्ली फिरली म्हणून घर आपलें झालें, असें म्हणण्यासारखेंच हें आहे. जर्मनीच्या आठ मिलिमीटर काडतुसाचा इतिहास या समजुतीची किंमत चांगली दाखवून देतो.

काडतुसाचे भाग चार: पितळी कवच, त्याच्या बुडाशीं ठिणगी पाडणारी टोपी, आंतील दारू आणि तोंडाशीं बसविलेली गोळी. चाप ओढतांच दारू पेटते व तिचा वायु गोळीस पुढें रेटतो. नळीच्या आंत मळसूत्री खांचा असतात. गोळी नळीच्या भोकाहून किंचित् जाड असते. ती त्या खांचांत दाबली जाऊन गिरक्या घेत बाहेर पडते, आणि त्या गिरकीमुळेंच तिचा नेम टिकतो. शेवेच्या सोऱ्याचीं भोकें बारीक असलीं तर हाताला जोर अधिक लावावा लागतो. बंदुकींत हा जोर वायूचा असतो. गोळी जाड व नळी अरुंद असली कीं वायु तुंबतो, दाब चढतो; आणि दाब चढला कीं दारू आणखी वेगानें जळून दाबांत भरच घालते. आपत्तीचें मूळ या चक्रांत आहे.

इ. स. १८८४ मध्यें फ्रान्समध्यें पॉल व्हिएय यानें बिनधुराची दारू सिद्ध केली, आणि १८८६ मध्यें फ्रेंच सैन्याच्या हातीं आठ मिलिमीटरची लेबेल बंदूक आली. जर्मन सैन्याजवळ त्या वेळीं काळ्या दारूची अकरा मिलिमीटरची माउझर बंदूक होती. बर्लिनमध्यें धांदल उडाली. एका लष्करी समितीनें घाईनें नवी बंदूक व नवें काडतूस आंखलें. तीच १८८८ ची ‘कमिशन’ बंदूक होय. तिच्या नळीचें भोंक ७.९० मि. मी. होतें व खांचा ०.१० मि. मी. खोल होत्या. गोळी ८.०८ मि. मी. जाड आणि १४.७ ग्रॅम वजनाची होती.

घाईचीं फळें लवकरच दिसलीं. कवचें फाटूं लागलीं, मागून वायु सुटूं लागला, कांहीं बंदुका फुटल्या. दोष नमुन्यांत व काडतुसांत होता. परंतु १८९२ सालीं हेर्मान आल्वार्ट या माजी मुख्याध्यापकानें एक पुस्तिका काढून हा दोष ‘ज्यू बंदुकां’च्या नांवावर खपविला. बर्लिनचा लोवे हा कारखाना ज्यू मालकाचा. जर्मनीचा पराभव व्हावा म्हणून त्यानें मुद्दाम वाईट बंदुका पुरविल्या, असा त्याचा आरोप होता. तोच नमुना स्पांडाऊ, एर्फुर्ट व डान्झिग येथील सरकारी कारखान्यांतूनहि निघत होता, याची आरोप करणारास पर्वा नव्हती. चॅन्सेलर काप्रीव्ही यांनीं राइखस्टागमध्यें बंदुकांची बाजू घेतली, न्यायालयानें आल्वार्टला पांच महिन्यांची कैद ठोठावली. तरी त्याच सुमारास मतदारांनीं त्याला राइखस्टागवर निवडून दिलें! मोजपट्टीनें सुटणारा प्रश्न द्वेषाच्या हातीं गेला, कीं तो असा चिघळतो.

लष्करानें मात्र मोजपट्टीच हातीं घेतली. कवचें सुधारलीं. १८९६ मध्यें नव्या नळ्यांच्या खांचा ०.१५ मि. मी. खोल करण्यांत आल्या. म्हणजे खांचांसह नळीचा व्यास ८.१० चा ८.२० मि. मी. झाला. पुढें १९०३ मध्यें टोकदार ‘एस्’ गोळी निघाली. ती ८.२२ मि. मी. जाड, सुमारें १० ग्रॅम वजनाची. जुनी गोळी सेकंदास सहाशें मीटरांहून थोड्या अधिक वेगानें जात असे. नवीचा वेग सुमारें ८८० मीटर होता. ज्या जुन्या बंदुका या गोळीसाठीं दुरुस्त केल्या, त्यांच्यावर ‘एस्’ अक्षराचा ठसा मारण्यांत आला. एवढा ठसा हीच सैनिकाची खूण.

परंतु शिकाऱ्यांच्या घरीं अरुंद नळीच्या बंदुका राहिल्याच, आणि कारखानेहि तसल्या नळ्या कित्येक वर्षें करीत राहिले. दोन्ही काडतुसांच्या कवचाची लांबी ५७ मि. मी.; नांव एक, घाट एक. गोळींतील फरक ०.१४ मि. मी., म्हणजे एका मिलिमीटरचा सुमारें सातवा हिस्सा. तो डोळ्यांस दिसत नाहीं. जुन्या काडतुसाच्या नांवापुढें ‘इन्फन्टरी’ या अर्थीं ‘आय्’ लिहीत. जर्मन लिपींत तें ‘जे’सारखें दिसे, म्हणून परदेशांत लोक तें ‘जे’ असेंच वाचूं लागले. बारीक गोळी रुंद नळींत गेली तर नेम चुकतो, एवढेंच. उलट झालें, जाड गोळी व तिची जोरकस दारू अरुंद नळींत पेटली, तर दाब मर्यादेबाहेर जाऊं शकतो. प्रत्येक बंदूक पहिल्याच बारास फुटते असें नाहीं. म्हणूनच धोका अधिक. दहा बार सुखरूप गेले कीं माणूस अकराव्यास निःशंक होतो.

खरा उपाय साधा आहे. जाणता कारागीर मऊ शिशाची गोळी नळींतून हळूच ठोकून पार नेतो आणि तिच्यावर उमटलेल्या खांचांचा व्यास सूक्ष्ममापकानें मोजतो. ८.१० किंवा ८.२०, हें उत्तर मिळाल्यावांचून तो काडतुसाच्या डब्यास हात लावीत नाहीं.

या जुन्या घोटाळ्याची सावली अद्यापि गेलेली नाहीं. युरोपच्या आंतरराष्ट्रीय परीक्षण-मंडळानें ‘एस्’ काडतुसासाठीं ३,९०० बारपर्यंतचा दाब मान्य केला आहे. अमेरिकेंतील उत्पादकांच्या संस्थेनें मात्र ‘आठ मिलिमीटर माउझर’ या नांवानें विकल्या जाणाऱ्या त्याच काडतुसासाठीं ३५,००० पौंड प्रति चौरस इंच, म्हणजे सुमारें २,४१० बार, एवढीच मर्यादा ठेविली आहे. मापनपद्धतींतील थोडा फरक जमेस धरला तरी अंतर फार मोठें आहे. कारण एवढेंच कीं, कोणाच्या तरी माळ्यावर १८८८ च्या मापाची एखादी नळी अजून असेल, आणि डबा विकणारास ती दिसत नाहीं.